समुद्रातल्या वाटा

पृथ्वीचा गोल समोर घ्या आणि तो हळूहळू फिरवा. तुमच्या बोटाखालून सर्वांत जास्त वेळ कोणता रंग जाईल? निळा. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे शंभर भाग केले, तर त्यांतले सुमारे ७१ भाग समुद्राने व्यापलेले आहेत. जमिनीच्या नकाशावर रस्ते, लोहमार्ग, घाट, पूल असे सर्व काही दाखवलेले असते. निळ्या भागावर मात्र असे काहीच दिसत नाही. मग पूर्वी शिडाची जहाजे एका खंडातून दुसऱ्या खंडात कोणत्या वाटेने जात असतील?

तुम्ही म्हणाल, पाण्यावर कसली वाट! जिकडे जायचे तिकडे सरळ जावे. पण तसे नाही. समुद्रातही वाटा असतात. त्या वाऱ्यांच्या आणि पाण्याच्या प्रवाहांच्या असतात. अरबी समुद्रातले वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, हे अरब खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, तो जहाजाला भारताकडे आणतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून वाहतो, तेव्हा परत जावे. या वाऱ्यांना मराठीत मोसमी वारे म्हणतात. हा शब्द तुम्हाला शिकवायला नको. उर्दूतला 'मौसम' आणि मराठीतला 'मोसम' हे एकाच अरबी शब्दाचे दोन भाऊ आहेत. जहाज, बंदर, खलाशी, तुफान हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. समुद्राने भाषाही एकमेकींजवळ आणल्या, ते असे.

पण एक अडचण होती. हे ज्ञान ज्याचे त्याच्यापाशी राही. कप्तान म्हातारा झाला, की त्याच्याबरोबर त्याची माहितीही जाई. जगातल्या सर्व समुद्रांच्या वाटा एकत्र करून त्यांचे नकाशे काढण्याचे मोठे काम एका अमेरिकन माणसाने केले. त्याचे नाव मॅथ्यू फाँटेन मॉरी. त्याचा एक पाय अधू होता, आणि हे काम त्याने जहाजावर नव्हे, तर टेबलाशी बसून केले.

मॅथ्यूचा जन्म १४ जानेवारी १८०६ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. घरात मुले पुष्कळ होती आणि पैसा थोडा. मॅथ्यू लहान असतानाच त्याचे वडील कुटुंबाला घेऊन टेनेसी राज्यात गेले आणि तेथे शेती करू लागले. टेनेसी समुद्रापासून फार दूर आहे. सुमारे बारा वर्षांचा असताना मॅथ्यू एका उंच झाडावरून पडला. त्याच्या पाठीला जबर दुखापत झाली. आता हा मुलगा शेतात राबू शकणार नाही, असे वडिलांना वाटले, म्हणून त्याला शाळेत घातले. झाडावरून पडला नसता, तर कदाचित तो जन्मभर शेतकरीच राहिला असता.

मॅथ्यूचा थोरला भाऊ जॉन नौदलात होता. तो दूरच्या पॅसिफिक बेटांवर जाऊन आला होता. त्याच्या गोष्टी ऐकून मॅथ्यूच्या मनात समुद्राने घर केले. पुढे जॉन जहाजावरच पीतज्वराने मरण पावला. एक मुलगा समुद्राने नेला, दुसरा तरी वाचावा, असे वडिलांना वाटले तर त्यात नवल नाही. त्यांनी मॅथ्यूला परवानगी दिली नाही. पण १८२५ मध्ये एकोणीस वर्षांचा मॅथ्यू नौदलात दाखल झालाच. निघताना वडिलांनी त्याला निरोपही दिला नाही.

त्या काळी अमेरिकन नौदलात मुलांसाठी वेगळे विद्यालय नव्हते. शिकाऊ अधिकारी जहाजावरच काम करीत आणि जमेल तसे शिकत. मॅथ्यूला गणित पक्के करायचे होते. समुद्रात आपण कोठे आहोत, हे सूर्य आणि तारे पाहून काढावे लागते आणि त्यासाठी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित यावे लागते. असे सांगतात, की पहारा देताना तो तोफेच्या लोखंडी गोळ्यांवर खडूने त्रिकोण काढून ठेवी आणि येता-जाता मनात उदाहरणे सोडवी. पृथ्वी गोल, तोफेचा गोळाही गोल. मला तर ही पाटी फारच आवडते.

याच काळात 'व्हिन्सेन्स' या जहाजावरून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते जहाज १८३० मध्ये परत आले. पृथ्वीला पूर्ण फेरी मारणारे अमेरिकन नौदलाचे ते पहिले जहाज होते.

पुढच्याच वर्षी मॉरींना 'फाल्माऊथ' नावाच्या जहाजावर मोठी जबाबदारी मिळाली. जहाजाला योग्य वाटेने नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न नावाचे भूशिर आहे. तेथे वारे आणि लाटा इतक्या भयंकर असतात, की जुने खलाशीही त्या नावाने धसका घेत. तेथे वारा कोणत्या महिन्यात कसा असतो, प्रवाह कोणीकडे ओढतो, हे सांगणारा नकाशा मॉरींनी शोधला. तसा नकाशाच नव्हता. शेकडो जहाजे तेथून गेली होती, पण प्रत्येक कप्तानाला सुरुवातीपासून सर्व शिकावे लागे. मॉरींनी स्वतःच्या अनुभवावरून केप हॉर्नवर एक लेख लिहिला. तो १८३४ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी त्यांनी नौकानयनावर एक पाठ्यपुस्तकही लिहिले.

आता सर्व ठीक चालले होते. आणखी मोठ्या सफरी पुढे होत्या. पण १८३९ च्या ऑक्टोबर महिन्यात ओहायो राज्यातून घोड्यांच्या टपालगाडीने जाताना एक अपघात झाला. गाडी भरलेली होती. आत बसलेल्या मॉरींनी आपली जागा एका स्त्रीला दिली आणि ते वर, गाडीवानाजवळ जाऊन बसले. रात्री गाडी उलटली. मॉरींचा उजवा पाय मोडला, गुडघाही निखळला. हाड नीट बसवले गेले नाही, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. त्या काळी भूल देण्याची पद्धत नव्हती, हे लक्षात घ्या. कित्येक आठवडे ते परक्या गावातल्या खाणावळीत पडून होते. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. जहाजाच्या हलत्या डेकवर अशा माणसाचे काय काम? वय तेहेतीस वर्षे, आणि समुद्र संपला.

घरी पडल्या पडल्या मॉरींनी नौदलातल्या गैरकारभारावर टोपणनावाने लेख लिहिले. ते खूप गाजले. अखेर १८४२ मध्ये वॉशिंग्टन शहरात नौदलाच्या नकाशा-भांडाराचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाव मोठे असले, तरी काम साधे होते. नकाशे आणि घड्याळे, होकायंत्रे अशी साधने सांभाळायची आणि मागणी आली की जहाजांना द्यायची. दुसरा कोणी असता, तर पगार घेऊन स्वस्थ बसला असता.

त्या भांडारात जुन्या वह्यांचा मोठा साठा पडून होता. या वह्या म्हणजे जहाजांच्या रोजनिश्या. प्रत्येक जहाजावर अशी एक वही असते. तिला लॉगबुक म्हणतात. आज जहाज कोठे आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, पाणी किती ऊन आहे, प्रवाह कोणीकडे नेतो आहे, हे सर्व त्यात रोज लिहिलेले असते. सफर संपली, की वही जमा होई आणि मग तिच्याकडे कोणी पाहत नसे. लोकांना ती रद्दी वाटे. मॉरींना मात्र त्या वह्यांत हवे ते सापडले. केप हॉर्नजवळ जे ज्ञान मिळाले नव्हते, ते तुकड्यातुकड्यांनी येथे धूळ खात पडले होते.

त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी वह्या वाचायला घेतल्या. समजा, एका वहीत लिहिले आहे, की अमुक ठिकाणी मार्च महिन्यात वारा ईशान्येचा होता. एका वहीवरून काही ठरत नाही. पण त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात, शंभर जहाजांनी तेच लिहिले असेल तर? मग तेथे मार्चमध्ये वारा बहुधा ईशान्येचा असतो, असे म्हणता येते. मॉरींनी समुद्राचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात महिन्यांप्रमाणे वारे व प्रवाह मांडले. हे काम कंटाळवाणे होते. त्यात लाटा नाहीत, तुफान नाही, आहेत त्या फक्त आकड्यांच्या रांगा. उत्तर अटलांटिक महासागराचा त्यांचा पहिला नकाशा १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कप्तान मंडळींनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वॉशिंग्टनमध्ये खुर्चीवर बसलेला लंगडा माणूस आम्हाला समुद्र काय शिकवणार, असे त्यांना वाटले असावे. मग जॅक्सन नावाच्या एका कप्तानाने धाडस केले. त्याला १८४८ मध्ये बाल्टिमोरहून ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो बंदरात जायचे होते. ब्राझीलच्या पुढे आलेल्या टोकाजवळ जोराचा प्रवाह आहे, या भीतीने जहाजे पूर्वेकडे मोठा वळसा घालीत. मॉरींचा नकाशा सांगत होता, की त्या वळशाची गरज नाही. जॅक्सन नकाशाप्रमाणे गेला. ज्या सफरीला एरवी सुमारे ५५ दिवस लागत, ती ३८ दिवसांत पुरी झाली.

आता सर्वांना नकाशे हवे झाले. मॉरींनी एक चांगली युक्ती केली. नकाशा फुकट मिळेल, पण त्याच्या बदल्यात कप्तानाने आपल्या सफरीची नोंद ठरावीक नमुन्यात लिहून पाठवायची. काही वर्षांत हजाराहून अधिक जहाजे त्यांच्यासाठी नोंदी ठेवू लागली. खलाशी कागदावर तारीख आणि जागा लिहीत, तो बाटलीत घालून बूच लावीत आणि बाटली समुद्रात टाकीत. ती दूर कोठेतरी किनाऱ्याला लागली, की पाणी कोठून कोठे वाहते ते कळे. स्वतः समुद्रावर न जाता मॉरी आता एकाच वेळी सर्व समुद्रांवर होते.

याच सुमारास कॅलिफोर्नियात सोने सापडले होते. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला समुद्रमार्गे जायचे, तर केप हॉर्नला वळसा घालून सुमारे सहा महिने लागत. मॉरींच्या नकाशांमुळे या सफरीतले बरेच आठवडे वाचले. १८५१ मध्ये 'फ्लाइंग क्लाउड' हे शिडाचे जहाज ९० दिवसांच्या आत तेथे पोहोचले. या जहाजाला वाट दाखवणारी व्यक्ती कोण होती, ठाऊक आहे? कप्तानाची पत्नी, एलिनॉर क्रीसी. ताऱ्यांचे आणि गणिताचे काम तीच करी आणि मॉरींचे नकाशे तिच्यापाशी होते. तीन वर्षांनी याच जहाजाने आणखी काही तास वाचवले. तो विक्रम १९८९ पर्यंत टिकला.

देवमाशांच्या शिकाऱ्यांकडूनही मॉरी माहिती घेत. तेव्हा देवमाशांना लोखंडी भाल्यांनी मारीत आणि त्या भाल्यांवर जहाजाचे नाव व साल कोरलेले असे. अटलांटिकमधल्या जहाजांचे भाले पॅसिफिकमध्ये मारलेल्या देवमाशांच्या अंगात रुतलेले सापडत. हे देवमासे उष्ण पाण्यातून विषुववृत्त ओलांडत नाहीत, हे मॉरींना नोंदींवरून दिसले होते. मग ते इकडून तिकडे गेले कसे? उत्तरेकडे, अमेरिका खंडाच्या वरून, पाण्याची वाट असलीच पाहिजे, असे मॉरींनी म्हटले. तशी वाट खरोखर आहे. पण त्यापुढे जाऊन, उत्तर ध्रुवाजवळ बर्फ नसलेला मोकळा समुद्र आहे असेही ते मानत. ते मात्र चुकीचे ठरले. हुशार माणूसही पुराव्याच्या पुढे गेला, की असा घसरतो.

मॉरींच्या कामाचा सर्वांत थरारक प्रसंग १८५३ च्या डिसेंबरमधला आहे. 'सॅन फ्रान्सिस्को' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. तिच्यावर सैनिक आणि त्यांची कुटुंबे मिळून सुमारे ७०० माणसे होती. दोनच दिवसांनी तुफान झाले. यंत्र बंद पडले. शंभराहून अधिक माणसे लाटांनी वाहून गेली. मोडकी बोट वाऱ्याबरोबर भरकटू लागली. काही जहाजांनी तिला दुरून पाहिले आणि बातमी आणली. पण बातमी येईपर्यंत बोट थोडीच जागेवर थांबणार! एवढ्या मोठ्या महासागरात तिला कोठे शोधायचे? नौदलाच्या मंत्र्यांनी मॉरींना विचारले. मॉरींनी गल्फ प्रवाहाचा वेग पाहिला, वाऱ्याची दिशा पाहिली, दिवस मोजले आणि नकाशावर निळ्या पेन्सिलीने एक फुली मारली. वाचलेल्या माणसांना तिकडून जाणाऱ्या तीन जहाजांनी उचलून घेतले. ती जागा त्या फुलीच्या जवळच होती.

त्याच वर्षी, १८५३ च्या ऑगस्टमध्ये, मॉरींच्या प्रयत्नाने बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरात दहा देशांचे प्रतिनिधी जमले. सर्वांनी समुद्रावरच्या हवेच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायच्या आणि एकमेकांना द्यायच्या, असे तेथे ठरले. आपसात लढणारे देश वाऱ्यांची माहिती वाटून घ्यायला तयार झाले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पाण्याच्या वरचे सारे पाहून झाले. आता तळाशी काय आहे? दोरीला शिसे बांधून खोली मोजीत, पण अतिखोल समुद्रात शिसे तळाला टेकले की नाही तेच कळत नसे. मॉरींच्या हाताखालच्या ब्रुक नावाच्या तरुण अधिकाऱ्याने एक साधन बनवले. तोफेच्या गोळ्यातून एक पोकळ दांडी घातलेली असे. तळाला टेकताच गोळा सुटून जाई आणि दांडीत अडकलेला गाळ वर येई. अटलांटिकमध्ये सुमारे तीन-साडेतीन किलोमीटर खोलीवरून गाळ आला. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काय दिसले? वाळू नाही, माती नाही. अतिशय नाजूक, चिमुकले शिंपले, आणि तेही न फुटलेले! म्हणजे तळाशी पाणी अगदी शांत असले पाहिजे, असा अर्थ मॉरींनी काढला. तेथे तारेची दोरी टाकली, तर ती सुरक्षित राहील. पुढे अटलांटिकच्या तळावरून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी तारायंत्राची तार घातली गेली. १८५८ ची पहिली तार सुमारे तीन आठवडेच चालली, १८६६ ची मात्र टिकली. जो निरोप जहाजाने दहा-बारा दिवसांनी पोहोचे, तो आता काही मिनिटांत पोहोचू लागला.

मॉरींनी १८५४ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशाही काढला. महासागराच्या मध्यभागी तळ उंच झालेला आहे, असे त्यात दिसत होते. ही समुद्राखालची पर्वतरांग आहे आणि तशा रांगा सर्व महासागरांतून मिळून सुमारे ६५,००० किलोमीटर पसरल्या आहेत, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. १८५५ मध्ये मॉरींचे समुद्राच्या भूगोलावरचे पुस्तक निघाले. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

एवढे नाव झाले आणि त्याच वर्षी नौदलाच्या एका मंडळाने त्यांना सक्रिय नोकरीतून बाजूला काढले. पाय अधू असल्यामुळे ते जहाजावर जाऊ शकत नाहीत, हे कारण. लोकांना राग आला, वर्तमानपत्रांत लेख आले. अखेर १८५८ मध्ये त्यांना बढतीसह परत घेण्यात आले.

आता जी हकिकत सांगायची, ती सांगणे सोपे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गुलाम करून शेतात राबवीत. १८६१ मध्ये दक्षिणेतली राज्ये देशातून फुटून निघाली आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी लढू लागली. व्हर्जिनियाही त्यांना मिळाले. मॉरींनी आपल्या राज्याची बाजू घेतली, नौदलाचा राजीनामा दिला आणि एकोणीस वर्षांचे काम सोडून ते निघून गेले. केवळ जन्मभूमीचे प्रेम म्हणून हे झाले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. गुलामांना मोकळे करण्याऐवजी मालकांसह ब्राझीलमध्ये, अमेझॉन नदीच्या खोऱ्यात वसवावे, असे त्यांनी युद्धापूर्वीच लिहिले होते. ज्या माणसाने सर्व देशांच्या खलाशांचे प्राण वाचवले, त्याला शेजारच्या शेतात राबणाऱ्या माणसाचे दुःख दिसले नाही. त्यांची बुद्धी आता विजेने फुटणारे पाणसुरुंग बनवण्यात खर्च होऊ लागली. ज्या जहाजांना त्यांनी वाट दाखवली होती, तशीच जहाजे बुडवण्यासाठी. या युद्धात त्यांचा एक मुलगा बेपत्ता झाला, तो पुन्हा सापडला नाही.

दक्षिणेचा १८६५ मध्ये पराभव झाला. मॉरी काही दिवस मेक्सिकोत, मग इंग्लंडमध्ये राहिले. १८६८ मध्ये ते व्हर्जिनियात परतले आणि लेक्झिंग्टन गावातल्या एका लष्करी विद्यालयात शिकवू लागले. तेथेच १ फेब्रुवारी १८७३ रोजी त्यांचे निधन झाले. ते गाव डोंगरांत आहे. तेथून समुद्र दिसत नाही.

रिचमंड शहरात १९२९ मध्ये त्यांचा पुतळा उभारला होता. मॉरी खुर्चीत बसलेले आणि वर पृथ्वीचा मोठा गोल, असे ते शिल्प होते. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या माणसांचे पुतळे रस्त्यावर नकोत, म्हणून २०२० मध्ये तो इतर पुतळ्यांबरोबर काढून टाकण्यात आला. त्यांच्या पद्धतीचे नकाशे मात्र राहिले. समुद्राचे चौकोन, प्रत्येक चौकोनात वाऱ्याचे छोटे बाण आणि प्रत्येक महिन्याचा वेगळा नकाशा. अमेरिकेत निघणाऱ्या अशा नकाशांवर पुष्कळ वर्षे एक बारीक ओळ छापलेली असे. हे काम मॉरी यांच्या संशोधनावर उभे आहे, असे त्या ओळीत सांगितलेले असे.